पुराची खोली आणि जमिनीची उंची

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट; म्हणजे धोक्याच्या खुणेवरही आणखी बारा फूट पाणी. त्याच दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर होती, आणि तिथली धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात या दोन आकड्यांकडे दोन्ही जिल्हे डोळे लावून असतात, आणि ते योग्यच आहे. पण हे फूट नदीपात्रातल्या एका पट्टीवरचे आहेत. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमधल्या घरात किती पाणी होतं, किंवा कुरुंदवाडच्या शिवारातला ऊस कमरेइतक्या पाण्यात उभा होता की शेंड्यासकट बुडाला होता, हे त्यांवरून कळत नाही. पुलाजवळच्या वस्त्यांनी अनुभवातून आपापला हिशेब बसवलेला आहे: पट्टीवर इतके फूट झाले की गल्लीच्या तोंडाशी पाणी, इतके झाले की उंबऱ्यावर. पुलापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर गेलं की तो हिशेब लागू पडत नाही, आणि महापूर तर त्याहून कितीतरी लांबच्या पट्ट्यात पसरलेला असतो. त्या सगळ्या पट्ट्यात जागोजागी पाणी किती खोल होतं हे सांगणारा नकाशा करता येतो का? येतो, आणि त्याची रीत समजायला अवघड नाही. त्यातली अडचण मात्र बहुतेकांना वाटते तिथे नाही. उपग्रह कमी पडतात असं आपण धरून चालतो. माझ्या मते जास्त कमी पडते ती आपल्या पायाखालच्या जमिनीच्या उंचीची माहिती.

आधी खोलीच का हवी ते पाहू. पूर आल्यावर जे नकाशे प्रसिद्ध होतात त्यांत बहुधा निळा डाग दाखवलेला असतो: इथे पाणी आहे, इथे नाही. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे मोठ्या तत्परतेने करतं आणि मदतकार्याला ते उपयोगी पडतात. पण निळ्या डागात फूटभर पाण्यातलं घर आणि छपरापर्यंत बुडालेलं घर सारखंच दिसतं. पहिल्या घरातली माणसं धान्य माळ्यावर चढवून दोन दिवस काढू शकतात; दुसऱ्या घरातल्यांना काढायला बोट लागते. गुडघाभर पाण्यातून ट्रॅक्टर जातो, छातीभर पाण्यातून जात नाही. मातीच्या भिंतीचं घर दोन फूट पाण्यात आठवडाभर उभं राहिलं की ओल चढून बसतं, सिमेंटच्या घराला तेवढ्याने तडा जात नाही. उसाचंही तसंच आहे. बुडखा पाण्यात असला तर पाणी ओसरल्यावर पीक सावरतं. शेंडा चार-सहा दिवस बुडून राहिला आणि वाढीचा कोंब कुजला की ते पीक गेलं. म्हणून नुकसानीचा अंदाज बांधणारे जगभरचे अभ्यासक खोली आणि नुकसान यांचा संबंध दाखवणारे आलेख वापरतात: अर्धा मीटर पाण्यात घराच्या किमतीचा इतका हिस्सा जातो, दोन मीटर पाण्यात इतका. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो, ढोबळमानाने निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला त्या आवश्यक आहेत. तरी रेषा म्हणजे फक्त काठ. काठाच्या आत हातभर पाणी होतं की पुरुषभर, हा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतो.

आता रीत. कृष्णाकाठी महापूर येतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेलं असतं, त्यामुळे साधा कॅमेरा असलेला उपग्रह आंधळा ठरतो. इथे रडार कामाला येतं. युरोपच्या अवकाश संस्थेचे सेंटिनेल-१ मालिकेतले उपग्रह २०१४ पासून सुमारे ६९० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जमिनीकडे तिरक्या दिशेने साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतात. या लहरींना ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही. जमीन खडबडीत असते, त्यामुळे तिच्यावर पडलेल्या लहरींतला काही भाग उपग्रहाकडे परत येतो. पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, लहर त्याच्यावरून पुढच्या दिशेला निसटते आणि परत काहीच येत नाही. चित्रात ती जागा काळी दिसते. पुराआधीचं चित्र आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवलं की आधी करडा असलेला आणि आता काळा झालेला भाग म्हणजे पुराचं पाणी. या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटर लांब-रुंद तुकड्याएवढा असतो, आणि ही सगळी चित्रं कोणालाही विनामूल्य मिळतात. आपल्या इस्रोनेही २०१२ मध्ये रिसॅट-१ आणि २०२२ मध्ये ईओएस-०४ हे याच जातीचे रडार उपग्रह सोडले. इतकं झालं की पुराचा काठ हाती येतो. खोलीची माहिती मात्र या चित्रात कुठेच नसते. काळ्याचा काळेपणा पाणी फूटभर असो वा वीस फूट, तोच राहतो.

खोली काढायची युक्ती काठातच दडलेली आहे. पाण्याच्या काठावर खोली शून्य असते, म्हणजे त्या जागी जमिनीची उंची आणि पाण्याच्या पृष्ठभागाची उंची एकच. काठावरच्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत असेल, तर पाण्याची उंचीही कळली. समजा काठ ५४६ मीटर उंचीच्या जमिनीवर आहे. तिथून आत, नदीच्या दिशेने असलेल्या एका शेताची उंची ५४३.५ मीटर आहे. मग त्या शेतात अडीच मीटर पाणी आहे, उसाच्या शेंड्याच्या जवळपास. असं प्रत्येक ठिपक्यासाठी करायचं: त्याला सर्वांत जवळचा काठ शोधायचा, त्या काठाची उंची घ्यायची, तिच्यातून ठिपक्याची स्वतःची उंची वजा करायची. अलाबामा विद्यापीठातले सॅगी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमकी ही रीत ‘फ्लडवॉटर डेप्थ एस्टिमेशन टूल’ या नावाने मांडली आणि त्याची आज्ञावली खुली केली. नदीत किती घनफूट पाणी आलं, पात्राचा छेद कसा आहे, धरणातून विसर्ग किती होता, यातलं काही तिला लागत नाही. पुराच्या काठाचा नकाशा आणि जमिनीच्या उंचीचा नकाशा, एवढ्या दोनच गोष्टी पुरतात. जिथे नदीवर मोजपट्टीच नाही अशा मुलखात तर याहून सोपा मार्ग सुचणं कठीण.

आता या दोन नकाशांपैकी चूक कशात किती, याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कृष्णाकाठची काळी जमीन नदीपासून हळूहळू चढत जाते. समजा एखाद्या जागी पाचशे मीटर चालल्यावर एक मीटर चढ लागतो. उपग्रहाच्या चित्रात काठ वीस मीटरनी, म्हणजे दोन ठिपक्यांनी चुकला, तर पाण्याच्या उंचीत फरक पडेल तो चार सेंटिमीटरचा. चार बोटंसुद्धा नाही. उलट जमिनीच्या उंचीच्या नकाशात दोन मीटरची चूक असेल, तर ती जशीच्या तशी दोन मीटर खोलीत उतरते. गुडघाभर पाणी कागदावर डोक्यावरून जातं. आणि उंचीच्या नकाशांतल्या चुका याच मापाच्या आहेत. सर्वांत जास्त वापरला गेलेला नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या फेरीत केलेला. तो करताना चूक १६ मीटरच्या आत राहावी एवढीच अट होती. प्रत्यक्षात तो त्याहून बराच चांगला निघाला, तरी काही मीटरची चूक राहिलीच. आपल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून इस्रोने केलेला उंचीनकाशाही काही मीटरच्या चुकीचाच आहे. जर्मनीच्या जोड-रडार उपग्रहांवरून तयार झालेला कोपर्निकस नकाशा आज विनामूल्य मिळणाऱ्यांत सरस मानला जातो. त्याची घोषित हमी दहापैकी नऊ ठिकाणी चार मीटरच्या आत असण्याची आहे, आणि उघड्या सपाट जमिनीवर तो मीटरभराच्या आसपास येतो. हे नकाशे डोंगरदऱ्यांसाठी, रस्त्यांच्या आखणीसाठी उत्तम आहेत. पण पूर मीटरांत येत नाही. घराचं जोतं दीड-दोन फुटांचं असतं, आणि पाणी जोत्याखाली थांबलं की वर चढलं यावर त्या घराचं सगळं ठरतं.

या चुका कुठून येतात हे नीट पाहिलं तर ऊसपट्ट्याची अडचण आणखी स्पष्ट होते. अवकाशातून मोजलेली उंची बहुधा जमिनीची नसते, जे वर उभं आहे त्याची असते: झाडाचा शेंडा, घराचं छप्पर, उभं पीक. एंडेव्हरची मोजणी फेब्रुवारीतली, म्हणजे ऐन गळीत हंगामातली. एका बांधावरचा ऊस तुटून गेलेला, शेजारच्या बांधावरचा उभा. रडार उभ्या पिकात थोडंफार शिरतं, पुरतं शिरत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात एकाच पातळीत असलेली ही दोन शेतं नकाशात खाली-वर दिसण्याला पूर्ण वाव आहे. हा चढउतार जमिनीचा नाही, त्या महिन्यातल्या तोडणीचा आहे. ब्रिस्टल विद्यापीठाने २०२२ मध्ये कोपर्निकस नकाशातून झाडं आणि इमारती संगणकी पद्धतीने वजा करून नवा नकाशा केला. सुधारणा चांगली झाली, पण तीन मीटर उंचीचं आणि दर हंगामाला जागा बदलणारं पीक अशा वजाबाकीत नेमकं पकडलं जाईल असं मानता येत नाही. दुसरी अडचण शून्याची. काही नकाशे उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतात, काही समुद्रसपाटीपासून. भारतीय उपखंडात या दोन शून्यांत मोठी तफावत आहे. पश्चिम महाराष्ट्रात ती साठ मीटरांहून अधिक भरते. एकाच नकाशात वजाबाकी करायची असेल तर ही तफावत आपोआप निघून जाते. पण पुलावरच्या पट्टीचा आकडा नकाशाशी जोडायचा असेल, तर पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे आणि नकाशा कोणतं शून्य मानतो, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाता येत नाही.

इथे एक वजनदार आक्षेप उभा राहतो. काठ वीस मीटरनी चुकतो असं मी वर धरलं, ते उघड्या शेताबद्दल ठीक आहे. ऊस असेल तर काय? ऑगस्टमध्ये आदल्या वर्षीचा आडसाली ऊस वर्षाचा झालेला असतो आणि पुरुषभर उंचीच्या खूप वर गेलेला असतो. साडेपाच सेंटिमीटरची लहर त्याच्या पाल्यालाच धडकून परत येते. खाली चार फूट पाणी असलं तरी चित्रात ते शेत काळं होत नाही. पाणी शेंड्यावरून गेलं, तेव्हाच ते दिसतं. म्हणजे चित्रातला काठ हा खरा काठ नसून, जिथे पाणी उसापेक्षा खोल झालं ती जागा असते, आणि तिथली जमीन पाण्याच्या खऱ्या पातळीपेक्षा दोन-तीन मीटर खाली असते. तो काठ धरून खोली काढली तर सगळ्या पट्ट्याची खोली तेवढ्याने कमी येईल. हा दोष खरोखर उपग्रहाचा आहे आणि लहानसा नाही. शहरात तर परिस्थिती याहून बिकट: लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून उपग्रहाकडे परत जाते, त्यामुळे पाण्याने भरलेली गल्ली काळी दिसायच्या ऐवजी उजळ दिसते. मग माझं म्हणणं कोसळतं का? नाही, कारण पाण्याची पातळी ठरवायला संपूर्ण काठ लागतच नाही. पाण्याचा पृष्ठभाग जमिनीसारखा दर बांधाला वरखाली होत नाही. किलोमीटरला थोडाथोडा उतरत जाणारा तो एक सलग पडदा असतो. सोयाबीन, भुईमूग, गवताळ माळ, पडीक रान, गावाबाहेरचं मैदान अशा उघड्या जागांवरचे काठाचे तुकडे निवडून घेतले आणि उसातले, शहरातले टाकून दिले, तरी पृष्ठभाग बांधायला पुरेसे उरतात. कोणते तुकडे खोटे आहेत हे ओळखायचं साधनही जमिनीची अचूक उंचीच: शेजारच्या चार तुकड्यांपेक्षा दोन मीटर खाली असलेला काठ हा काठ असू शकत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरीही वापरतो. त्या पाल्यातून बऱ्याच खोल शिरतात, आणि खालच्या पाण्यावरून व उसाच्या कांड्यांवरून उलटून आल्या की शेत नेहमीपेक्षा उजळ दिसतं. उपग्रहाचा हा दोष दर काही वर्षांनी कमी होत चालला आहे. जमिनीच्या उंचीबाबत तसं आपोआप होणार नाही, तिथे कोणीतरी जाऊन मोजावंच लागेल.

एक बारकावा गणिताचाही आहे. काठाचे शेकडो ठिपके एकत्र घेतले की त्यांच्या वेड्यावाकड्या चुका एकमेकींना मारतात आणि पाण्याची पातळी एकेका ठिपक्यापेक्षा पुष्कळ अचूक मिळते. यावरून कोणी म्हणेल की मग साध्या नकाशावरही काम भागेल. पाण्याच्या पातळीपुरतं काही अंशी भागेलही, मात्र सगळ्याच ठिपक्यांना एकाच दिशेने लागलेली चूक, उदाहरणार्थ झाडीची, सरासरीने जात नाही. आणि खोली ही पातळीतून त्या विशिष्ट जागेची उंची वजा करून येते. त्या एका घराखालच्या, त्या एका शेताच्या उंचीतली चूक सरासरीत विरत नाही, कारण तिथे सरासरी काढायला दुसरं घर नसतं.

पाण्याचा पृष्ठभाग सलग असला तरी सपाट नसतो, आणि याचा कृष्णाकाठी विशेष संबंध आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगत जातं आणि शिरोळ तालुक्याच्या सपाट रानात पसरतं. फुगवट्यातल्या पाण्याचा उतार जवळजवळ नाहीसा होतो, वाहत्या पट्ट्यातल्या पाण्याचा टिकून राहतो. शिवाय पाणी नेहमी नदीच्या काठावरून चढून येत नाही. सांगलीत शेरीनाल्यातून आणि कोल्हापुरात जयंती नाल्यातून ते उलटं आत शिरतं, त्यामुळे नदीपासून दूर असलेली सखल गल्ली आधी बुडते आणि नदीलगतचा उंचवटा कोरडा राहतो. ‘सर्वांत जवळचा काठ’ हा नियम अशा ठिकाणी फसू शकतो: शेताला सर्वांत जवळचा काठ पंचगंगेच्या बाजूचा, पण त्यातलं पाणी कृष्णेचं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी अॅमेझॉनच्या खोऱ्यात वेगळी रीत वापरली. प्रत्येक जागेची उंची समुद्रापासून न मोजता, तिचं पाणी ज्या ओढ्याला मिळतं त्या ओढ्याच्या तळापासून मोजली. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर किंवा कोल्हापूरच्या सुतारवाड्यातले रहिवासी पट्टीच्या फुटांवरून आपल्या दाराचा अंदाज बांधतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. पण ओढ्याचा तळ आणि गल्लीची उंची ठाऊक नसेल तर ही रीतही तितकीच लंगडी पडते.

जलशास्त्रातले जाणकार इथे म्हणतील की काठावरून खोली काढण्याचा हा खटाटोप हवाच कशाला. पाऊस, विसर्ग आणि पात्राचे छेद घालून संगणकावर पूर वाहवता येतो, आणि तो उद्याच्या पुराबद्दलही सांगतो. बरोबर आहे. पुढचा अंदाज हवा असेल तर अशा प्रारूपाला पर्याय नाही. पण प्रारूपाचं पाणी वाहतं ते उंचीच्या नकाशावरूनच. ऊस जमीन समजून प्रारूपात घातला, तर पाणी तिथे बांध असल्यासारखं वळसा घालून जाईल. म्हणजे नकाशातला दोष प्रारूपाने दूर होत नाही, उलट आकडेमोडीच्या थराखाली दिसेनासा होतो. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वाद या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाच्या २०१० च्या निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा. दोन्हींतला फरक साडेचार मीटरहून थोडा जास्त. त्या फरकाने सांगली-कोल्हापूरच्या पुरावर किती परिणाम होईल, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्यं अनेक वर्षं भांडत आली आहेत, आणि वाद मिलिमीटरपर्यंत लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. पण सामान्य नागरिकाला, पत्रकाराला किंवा महाविद्यालयातल्या अभ्यासकाला या पट्ट्याची जी उंची विनामूल्य पाहायला मिळते, तिच्या चुकीची हमी जवळपास तेवढ्याच मापाची आहे. मग यातला कोणताही दावा बाहेरच्या माणसाला स्वतः तपासून पाहता येत नाही, आणि लोकांना विश्वास ठेवायचा की नाही एवढंच ठरवता येतं. मला ही गोष्ट पुराइतकीच अस्वस्थ करणारी वाटते.

उपाय काय ते ठाऊक आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरचे झोत टाकून जमीन मोजली की पानांच्या फटींतून काही झोत थेट मातीपर्यंत पोहोचतात आणि उंची दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत बरोबर येते. नेदरलँड्सने १९९० च्या दशकातच सगळा देश असा मोजायला घेतला, कारण त्यांच्यापुढे पर्यायच नव्हता. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये आपली लेसर-मोजणी सर्वांसाठी खुली केली. खर्चाचा आक्षेप इथे ठरलेला असतो: हे देश लहान आहेत, श्रीमंत आहेत. पण कृष्णाकाठचा पूरपट्टा म्हणजे काही अख्खा महाराष्ट्र नव्हे. कऱ्हाडपासून राज्याच्या सीमेपर्यंत कृष्णेच्या आणि कोल्हापूरपासून संगमापर्यंत पंचगंगेच्या दोन्ही काठांना, लाल रेषेच्या थोडं बाहेरपर्यंत, एवढाच मुलूख मोजायचा. मोजणीही उन्हाळ्यात, तोडणी उरकल्यावर, रान बरंचसं मोकळं असताना करता येते. जमिनीची उंची दरवर्षी बदलत नाही. एकदा नीट मोजलेला नकाशा पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पुराला वापरता येतो, तर एका महापुरातलं नुकसान शेकडो कोटींच्या भाषेत बोललं जातं. काही काम वेगळ्या कारणाने झालेलंही आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, मालकीची पत्रकं देण्यासाठी. एकमेकांवर चढणाऱ्या अशा छायाचित्रांतून जमिनीची उंचीही काढता येते. या मोजणीत शिवार येत नाही ही उणीव आहेच, पण माणसं राहतात ती जागा येते. आणि ही सगळी माहिती खुली ठेवायला हवी. गुप्ततेचं कारण पुढे करून ती कपाटात राहिली, तर शिरोळच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग शून्य.

शेवटचा आक्षेप वेळेचा. सेंटिनेल-१ चा एक उपग्रह त्याच मार्गावरून बारा दिवसांनी परततो. पूर चढून ओसरला तरी त्याच्या चित्रात ऐन शिखर सापडेलच असं नाही, आणि सगळ्यांत खोल पाणी तर शिखरालाच असतं. हे खरं आहे, आणि उपग्रहांची संख्या वाढली तरी पूर्ण सुटणारं नाही. पण शिखराची नोंद दुसरीकडे राहिलेली असते. पाणी ओसरलं की भिंतीवर गाळाची आडवी रेघ उरते, आणि पुढची रंगसफेदी होईपर्यंत ती तशीच असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची पथकं पूर उतरला की लगेच अशा खुणांच्या मोजणीला निघतात. तो त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. आपल्याकडे पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक दारोदार जातातच. जोत्यापासून रेघ किती वर आहे हे टेपने मोजायला अर्धं मिनिट लागतं. ती जागा समुद्रसपाटीपासून किती उंच हे मोबाइलवरून कळत नाही, त्याची चूक काही मीटरची असते. पण भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात कायमस्वरूपी उपग्रह-संदर्भ केंद्रांचं जाळं उभारलं आहे, आणि त्याला जोडलेल्या यंत्राने गावातल्या चार-सहा खुणांची उंची काही सेंटिमीटरपर्यंत नोंदवता येते. जुलै २०२१ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ पेक्षा अधिक. त्याच पुरात आयर्विन पुलावर कृष्णा ५५ फुटांच्या आसपास राहिली, म्हणजे २०१९ पेक्षा कमी. या दोन नद्या जिथे एकत्र येतात त्या शिरोळ तालुक्यातल्या कोणत्या गावात कोणत्या वर्षाचं पाणी वर होतं, आणि किती, हे दोन पट्ट्यांच्या आकड्यांवरून काढता येत नाही. गावागावातल्या दोन्ही रेघा मोजून जमिनीच्या चांगल्या नकाशावर मांडल्या, तर मात्र फुगवट्याचा हिशेब घरागणिक करता येईल. त्यातल्या २०१९ च्या बऱ्याच रेघा आतापर्यंत रंगाखाली गेल्या आहेत. तेव्हा पुढच्या पंचनाम्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा: जोत्यापासून पाण्याची उंची, फूट आणि इंचांत.